आवाजवाल्या बाई

“सौंदर्य हे ईश्वराचे देणे आणि वाणी हे सरस्वतीचे, ज्या देही ही दोन्ही देणी एकत्र नांदतात, तो देह नव्हे, ते मंदिर होय.”

हे वाक्य माझं आहे. आमच्या दवाखान्याच्या अध्यक्षांना भाषणात म्हणण्यासाठी मी ते लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे समाधानाने पाहत बसलो होतो. ज्या मंदिराबद्दल ते लिहिलं, ते त्या वेळी माझ्या टेबलासमोर उभं राहून गोटी सोडा पीत होतं. बाटली संपली. बाईंनी मान जरा वर केली आणि असा ढेकर दिला की खिडकीत बसलेलं कबूतर उडून गेलं.

“लहान आला, बाबूजी,” त्या म्हणाल्या. “यात ‘टोपी’सुद्धा बसली नसती.”

वर्ध्याला नालवाडीच्या अलीकडे त्या काळी एका ट्रस्टचा दवाखाना होता. आता तिथे मंगल कार्यालय आहे. मी तिथे कचेरीत होतो. नेमणूक पत्रव्यवहारासाठी होती, पण खरं काम अध्यक्षांची भाषणं लिहिण्याचं. अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक होते, त्यांना सगळे शेठजी म्हणत. मनाने उदार माणूस, पण समारंभाचं वेड भारी. पाण्याचा माठ नवा आणला तरी त्याचं उद्घाटन व्हायचं. एक्स-रेचं यंत्र आलं तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, नारळाचं पाणी यंत्रात गेलं, आणि ते यंत्र सुरू होण्याआधी दुरुस्तीला गेलं. त्या प्रसंगीचं भाषणही माझंच होतं. चांगलं झालं होतं.

अशा ठिकाणी आवाजवाल्या बाई कशा आल्या, हे मला कधी नीट कळलं नाही. मुंबईला जाऊन वाचाउपचार शिकलेलं माणूस तेव्हा सबंध विदर्भात शोधून सापडलं नसतं. बाई पुलगावच्या. वडील मिलमध्ये मागावर होते. मागांच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नाही, तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. वडिलांना ती सवय घरीही होती. जेवताना ते आवाज न काढताच “भाजी वाढ” म्हणत आणि घरातले सगळे बरोबर समजत. बाई सांगत, “आवाज म्हणजे बोलणं नाही, हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. मुंबईत त्याचंच सर्टिफिकेट मिळालं.”

त्या सुंदर होत्या का? होत्या. याबाबत दवाखान्यात दोन मतं नव्हती, आणि दवाखान्यात दोन मतं नसलेली ती एकच बाब होती. शिवाय त्याला अधिकृत आधार होता. कॉलेजात असताना नागपूरच्या एका क्लबाच्या मेळाव्यात त्यांनी सौंदर्यस्पर्धा जिंकली होती. मुकुट मिळाला होता, पट्टा मिळाला होता, वर्तमानपत्रात फोटो आला होता. मी एकदा विचारलं, कशी काय जिंकलात?

“शेवटी एक प्रश्न विचारतात. जीवनाचं ध्येय काय, असा काहीतरी. बाकीच्या मुली पटापट बोलल्या. मला काही सुचेना, म्हणून गप्प उभी राहिले. खूप वेळ. परीक्षकांना ते गांभीर्य वाटलं.”

“मग उत्तर काय दिलंत?”

“उत्तर द्यायच्या आधीच टाळ्या वाजल्या.”

तो मुकुट त्यांनी दवाखान्यात आणून ठेवला होता. बऱ्याच कुटुंबांत असा मुकुट काचेच्या कपाटात गेला असता. बाईंच्या खोलीत तो लाकडी पेटीत, रबरी चेंडू आणि मातीच्या बैलांबरोबर पडलेला असे. जी मुलं बोलत नाहीत म्हणून आईबाप आणत, त्यातलं जे मूल आरशासमोर बसून नवा आवाज काढील, त्याच्या डोक्यावर तो मुकुट चढायचा. हिंगणघाटची, देवळीची, सेलूची, कुठकुठची शेंबडी पोरं ‘पा’ किंवा ‘का’ म्हणून सौंदर्यवती झाली. खडे एकेक करून गळाले. बाईंना त्याचं काही नव्हतं.

एकदा मुकुटच नाहीसा झाला. देवळीच्या एका घरची मुलगी पहिल्यांदा “आई” म्हणाली होती, आणि आईने आनंदाच्या भरात मुलीला मुकुटासकट घरी नेलं होतं. बाई मला घेऊन देवळीला गेल्या. पाहतो तर मुकुट देवघरात, विठोबाच्या डोक्यावर. ताजं कुंकू लावलेलं.

“राहू द्या न बाई,” मुलीची आजी म्हणाली. “देवाले शोभून राह्यला.”

“शोभते ना आजी, लय शोभते,” बाई म्हणाल्या. “पन देवानं कोनता आवाज काढला, थे सांगा. आमच्याकडं आवाज काढल्याबिगर भेटत नाई.”

आजीने देवाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मुकुट काढून दिला. परत येताना बाईंनी कुंकू पुसलं नाही. पुढे बरेच दिवस ज्या मुलाच्या डोक्यावर तो बसे, त्याच्या कपाळावर लाल डाग उमटत असे.

त्यांच्या खोलीत एकच कायदा होता, आणि तो आमच्या मुलखाच्या स्वभावाविरुद्ध होता. आमच्याकडे कोणी बोलताना अडलं की समोरचा त्याचं वाक्य पुरं करतो. ती माणुसकी समजली जाते. “मी त्या... त्या...” “बजारात गेलता काय?” “हो, आन् थे... थे...” “वांगे आनले असन!” अशी दोन माणसं मिळून एकाचं बोलणं तडीस नेतात आणि दोघंही समाधानाने घरी जातात. बाईंच्या खोलीत हे बंद होतं. तोतरा माणूस एका अक्षरावर अडकला की त्याची आई, बायको, भाऊ, सगळे ओठ हलवू लागत. बाई नुसता हात वर करत. “थांबा. शब्द त्याचा आहे.”

मग जी शांतता पसरे, ती मी त्या खोलीबाहेर कुठे अनुभवली नाही. मी स्वतः काही वेळा कामानिमित्त आत असताना ती सोसली आहे. अंगाला घाम यायचा. वाटायचं, आपण ओरडून तो शब्द सांगून टाकावा. बाई मात्र गाडीची वाट पाहत स्टेशनवर बसलेल्या माणसासारख्या बसलेल्या असत. गाडी येणारच आहे, उशीर झाला तर झाला. आणि शब्द यायचा. त्यावर बाई “शाबास” कधी म्हणाल्या नाहीत. “ऐकलं,” एवढंच म्हणत. लोकांना ते शाबासकीपेक्षा मोठं वाटायचं.

आता सोड्याचं सांगतो. आमच्या भागात तंबाखू खाद्यपदार्थात मोडते, त्यामुळे घशाच्या रोगाने स्वरयंत्र काढून टाकावं लागलेली माणसं दवाखान्यात बरीच येत. अशा माणसाच्या मानेला पुढून एक भोक असतं. श्वास त्यातून चालतो. तोंडात हवा येतच नाही, म्हणून आवाजही येत नाही. बाई त्यांना हवा गिळायला शिकवत. ती अन्ननलिकेत जराशी धरायची, ढेकरासारखी वर आणायची आणि ओठांनी, जिभेने तिचा शब्द करायचा. सुरुवातीला ढेकर सहज यावा म्हणून सोडा. दवाखान्याच्या खरेदीत सोड्याच्या बाटल्यांची क्रेट बघून शेठजींनी मला विचारलं होतं, “बाबूजी, ये क्या है? इथे बार उघडला का?”

आणि हे शिकवायचं तर आधी स्वतःला यायला हवं, असं बाईंचं म्हणणं. त्यांचा स्वतःचा आवाज चांगला गोड होता. तरी तो बाजूला ठेवून त्या ढेकरांनी बोलायला शिकल्या. कचेरीत, व्हरांड्यात, मोपेडला किक मारताना त्यांचा सराव चाले. दवाखान्यात नवीन आलेले डॉक्टर आधी त्यांना पाहून गडबडत, आणि मग त्यांना ऐकून.

देवराव अशा रोग्यांपैकी एक. आर्वीकडच्या एका गावात ते पंचायतीचे शिपाई होते आणि दवंडी देत. दवंडी म्हणजे हातात डफडं आणि चौकाचौकात उभं राहून पंचायतीची बातमी ओरडायची. घरपट्टी भरा, कोंडवाड्यात लाल गाय आली आहे, उद्या ग्रामसभा आहे. वडीलही हेच करत. गावात लोक म्हणत, देवरावची दवंडी नदीपलीकडची म्हैसही मान वर करून ऐकते. ऑपरेशन झाल्यावर देवरावांच्या हातात डफडं तेवढं उरलं.

त्यांच्याबरोबर त्यांची बायको अनसूयाबाई येत असे. पहिल्या दिवशी बाईंनी देवरावांना नाव विचारलं, तर उत्तर अनसूयाबाईंकडून आलं. गाव विचारलं, तेही त्यांनीच सांगितलं.

“काकू, यांना सांगू द्या. हाताने सांगतील.”

“यायले काय विचारता बाई? आवाज होता तवाबी घरी मीच बोलत होती. हे बाहेर बोलत, मी घरी बोलत. असं वाटून घेतलं होतं.”

देवरावांनी मान हलवून दुजोरा दिला. मग हाताने डफडं वाजवल्यासारखं केलं, तोंडापुढे पंजा धरला आणि दोन्ही हात उलटे केले. बाहेरचं बोलणंही गेलं, असा अर्थ.

अडचण खरी होती. पंचायतीने तेवढ्यात भोंगा बसवला होता. सरपंच दवाखान्यात देवरावांना बघायला आले तेव्हा स्वच्छ बोलले. “देवराव, तुही जागा मी दिवाळीपर्यंत ठेवतो. त्याच्यापुढं माह्या हातात नाई गड्या. भोंग्यावर बोलनारा मानूस तर पाह्यजे का नाई?” बोलणारा माणूस तयारही होता. सरपंचांच्या साळ्याचा मुलगा. त्याचा आवाज एवढा मोठा होता की त्याच्यासाठी भोंगा घेणं हाच वायफळ खर्च ठरला असता.

बाईंनी देवरावांना हाती घेतलं. या पद्धतीने बोलताना प, ट, क अशा अक्षरांनी सुरू होणारे शब्द आधी जमतात, म्हणून त्यांनी दवंडीच बदलायला घेतली. “‘आइका हो आइका’ सोडा, काका. एकदम ‘पंचायतीकडून’वर या.”

देवरावांनी इतक्या जोरात मान हलवली की गळ्यावरची जाळीची पट्टी सरकली. अनसूयाबाईंनी भाषांतर केलं. “‘आइका हो’ म्हटल्याबिगर लोक काऊन आइकतीन, असं म्हनून राह्यले.”

“ऐकतील. भोंगा आहे.”

पावसाळाभर हे चाललं. मला माझ्या खोलीत भिंतीपलीकडून ऐकू यायचं. सोड्याच्या बाटलीतली गोटी खाली जाण्याचा आवाज, मग शांतता, मग बाईंचा ढेकर, “पं”, मग शांतता. आणि खूप दिवसांनी एकदा, दुसरा ढेकर. जाड, फुटका, बाईंचा नव्हे असा. त्यानंतर भिंतीपलीकडे अनसूयाबाईंचं रडणं, आणि बाईंचा कोरडा आवाज: “ऐकलं.”

त्याच सुमाराला शेठजींना अधिवेशनाची कल्पना सुचली. घशाच्या डॉक्टरांचं आणि वाचाउपचार करणाऱ्यांचं अधिवेशन एरवी मोठ्या शहरात भरायचं. शेठजींनी ते वर्ध्याला ओढून आणलं. कापूस यायला अवकाश होता, जिनिंगचं गोदाम रिकामं होतं. त्यात मंडप घातला. छपराला जुना कापूस लोंबत होता, सगळीकडे सरकीचा वास. मुंबईचे एक नामांकित सर्जन प्रमुख पाहुणे.

“भाषण जोरदार पाहिजे, बाबूजी,” शेठजी म्हणाले. “और अपनी मॅडमचं पण घ्या त्यात. सौंदर्यवती आपल्या दवाखान्यात आहे, हे कुणाकडे आहे?”

मी मंदिराचं वाक्य लिहिलं ते तेव्हा.

बाईंनी देवरावांना घेऊन व्यासपीठावर आपलं काम दाखवायची परवानगी मागितली होती. कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा बाईंचं नाव ‘स्वागत’ या सदरात होतं. पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणं, आणि ते देताना सौंदर्यवतीचा पट्टा घालणं. देवरावांचं नाव ‘सत्कार’ या सदरात. दाखवण्याचं कुठेच नव्हतं. बाई पत्रिका घेऊन शेठजींकडे गेल्या. मी तिथेच होतो.

“पट्टा घालते, शेठजी. गुच्छही देते. पण दीप लागला की लगेच वेळ माझी आणि देवरावकाकांची. त्यांचे सरपंच तुम्ही बोलावले आहेत ना?”

“सगळे बोलावलेत. हॉल भरला पाहिजे.”

“मग त्यांच्यासमोरच होऊ द्या. आणि एक, काकांच्या गळ्यात हार नको. त्यांचा श्वास गळ्यातून आहे.”

“हो हो, बिलकुल, बिलकुल.”

शेठजी सगळ्या गोष्टींना हो म्हणत. त्यांच्या लक्षात त्यातली पहिली राहत असे.

अधिवेशनाच्या सकाळी गोदाम खरंच भरलं. डॉक्टर मंडळी पहिल्या काही रांगांत संपली. त्यामागे जिनिंगचे काटेवाले, हमाल, आणि शेठजींना कापूस देणाऱ्या गावांचे सरपंच टोप्या घालून बसले होते. देवरावांचे सरपंच बाजूच्या सोफ्यावर पुढेच होते, कारण त्यांच्या गावचा माणूस कार्यक्रमात होता. अनसूयाबाई बायकांत बसल्या. बाई मोरपंखी रेशमी साडीत, त्यावर आडवा पट्टा. जरीची काही अक्षरं सुटली होती, पण तेवढ्या अंतरावरून कळत नव्हतं. मी पुढच्या सोफ्याच्या टोकाला भाषणाची प्रत घेऊन उभा होतो. मी समारंभांना फारसा भुलत नाही, तरी कबूल करतो की बाई चालत आल्या तेव्हा हमालांच्या रांगेतही बोलणं थांबलं.

दीप दोनचार काड्या विझवून अखेर लागला. बाई गुच्छांचं तबक घेऊन व्यासपीठाच्या त्या टोकाला होत्या. देवराव नवीन धोतर नेसून, गळ्यावर स्वच्छ जाळीची पट्टी बांधून माइकजवळ येऊन उभे राहिले. आणि शेठजी उठले.

“पहले सत्कार,” ते म्हणाले. त्यांच्या हातात मनगटाएवढा जाड झेंडूचा हार होता.

बाई तिकडून ओरडल्या, “शेठजी, हार नाही!” पण तेवढ्यात बँडवाल्यांना खूण झाली होती. शेठजींनी हार देवरावांच्या गळ्यात घातला, हनुवटीपर्यंत वर सारून नीट बसवला आणि दोन्ही हातांनी धरून फोटोग्राफरकडे हसून पाहिलं. फोटोग्राफर म्हणाला, “तसंच राहा, शेठजी, तसंच.”

देवराव काय करणार? सत्कार करणाऱ्याचा हात हारावर असताना हार काढायचा नसतो, हे त्यांना जन्मभर माहीत होतं. त्यांनी हात जोडले. चेहरा लाल झाला, मग वेगळ्याच रंगाचा झाला, डोळे मोठे झाले, पण जोडलेले हात सुटले नाहीत. हाक मारायला त्यांच्याजवळ आवाज नव्हता. समोर घशाचे एवढे डॉक्टर बसले होते, आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

बायकांतून अनसूयाबाई उठल्या. “आवो हार काढा! यायचा दम कोंडून राह्यला! शेठजी, काढा न बाप्पा थे!”

तोवर बाईंनी तबक टाकलं होतं. साडी सावरत त्या व्यासपीठ ओलांडून आल्या, शेठजींचे हात बाजूला केले, हार उचलला आणि जवळ जो पहिला माणूस दिसला त्याच्या गळ्यात घातला. ते प्रमुख पाहुणे होते.

देवराव वाकून खोकले. सरकलेल्या पट्टीआडून, मानेतल्या भोकातून झेंडूची एक पाकळी उडून माइकपाशी पडली. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पट्टी सारखी केली, श्वास लागू दिला. देवरावांनी मान हलवली. आता ठीक. मग ते माइकसमोर उभे राहिले.

काही आलं नाही.

त्यांनी हवा गिळली. ओठ मिटले. परत उघडले. काही नाही. घाबरलेल्या माणसाची अन्ननलिका आवळते आणि ढेकर वर येत नाही, हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की सोफ्यावर सरपंचांनी मान खाली घातली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

अनसूयाबाईंना राहवेना. “मी सांगतो न बाई. यायले म्हनायचं हाये का, पंचायतीकडून...”

बाईंनी हात वर केला. “काकू, शब्द त्यायचा आहे.”

आणि ती खोलीतली शांतता सबंध गोदामात पसरली. डॉक्टर एकमेकांकडे पाहू लागले. छपराचा कापूस हलत होता तेवढाच. शेठजी घाईने माझ्याजवळ येऊन म्हणाले, “बाबूजी, टाळ्या वाजवा. निपटवून टाका.” मी हलू शकलो नाही. मला वाटतं, त्या गोदामात हलण्याचा अधिकार तेव्हा एकाच माणसाला होता.

बाईंनी खाली उतरून माझ्या हातातली भाषणाची प्रत घेतली. व्यासपीठाच्या मागे ठेवलेल्या क्रेटमधून एक बाटली काढली, अंगठ्याने गोटी दाबली आणि हजारबाराशे डोळ्यांसमोर, रेशमी साडीत, पट्ट्यात, ती बाटली पिऊन टाकली. मग माइकशी आल्या आणि स्वतःचा गोड आवाज बाजूला ठेवून वाचू लागल्या.

“सौं,” पहिला ढेकर. “दर्य.” दुसरा. “हे.”

भोंग्यातून तो आवाज विहिरीच्या तळाशी दगड सरकावा तसा येत होता. मागे हमालांत हशा उसळला. डॉक्टरांनी माना खाली घातल्या. कोणाला कुठे पाहावं कळेना. बाईंनी कशाकडे लक्ष दिलं नाही. ईश्वराचे. हवा. देणे. हवा. सरस्वतीपाशी त्या अडल्या, सोड्याचा आणखी एक घोट घेतला आणि तिला वर आणलं. हशा विरत गेला. त्या थांबत होत्या तिथे सगळं गोदाम त्यांच्याबरोबर हवा गिळत होतं. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं लिहिली, त्यातली बरीचशी चांगल्या आवाजात वाचली गेली. माझं एखादं वाक्य एवढं कष्टाने, एवढं प्रामाणिकपणे उच्चारलं गेलेलं मी ऐकलं नाही. ‘मंदिर’ला दोन ढेकर लागले. ते ऐकताना मला पहिल्यांदा शंका आली की वाक्यात काहीतरी तथ्य असावं.

मी देवरावांकडे पाहिलं. ते हसत होते. आवाज नसलेलं हसणं. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. बाईंनी माइक त्यांच्याकडे वळवला.

“पं,” देवराव म्हणाले.

सरपंचांनी मांडीवरची टोपी उचलली.

“पंचायती... कडून... कळवतो.” हवा. “हार... घालू... नये.”

मागच्या रांगा उभ्या राहिल्या. टोप्या हवेत गेल्या. सरपंच उभे राहून शेजारच्या डॉक्टरांना सांगत होते, “हा आमचा देवराव हाये! आमच्या पंचायतीचा हाये थो!” अनसूयाबाई आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसल्या होत्या. बाई देवरावांकडे पाहत होत्या.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “‘घालू’ स्पष्ट नाही आलं.”

प्रमुख पाहुणे हार घातलेल्या अवस्थेतच त्यांच्याकडे आले आणि इंग्रजीत विचारलं की हे आपण कुठे शिकलात. बाईंनी मराठीत उत्तर दिलं, “सोड्याच्या दुकानात.” शेठजी अध्यक्षीय भाषणाला उभे राहिले, पण त्यांचं भाषण बाईंनी वाचून टाकलं होतं. ते थोडा वेळ माइकसमोर उभे राहिले, “धन्यवाद,” म्हणाले आणि बसले. माझ्या नोकरीत मी ऐकलेलं त्यांचं ते सर्वांत परिणामकारक भाषण.

जेवणाच्या पंगतीत सरपंच बाईंना येऊन भेटले. आता ते जरा शुद्धीवर आले होते. “आवाज तर फुटला बाई, मान्य हाये. पन हा आवाज गावाले समजन का? येथं समदे डाक्टर होते.”

“मागे हमाल होते,” बाई म्हणाल्या. “ते आधी हसले. समजल्यावर उभे राहिले.”

सरपंचांनी भाताचा घास हातातच धरून विचार केला. “बरं. एकडाव भोंग्यावर पाहू. समजलं गावाले, तर जागा त्याची. नाई समजलं, तर माह्यावर राग नाई धरायचा.”

दिवाळीच्या आधीच्या एका सकाळी बाई मोपेडवर आर्वीकडे निघाल्या, मागे मी. गावात पोचलो तेव्हा पंचायतीसमोर माणसं जमली होती. साळ्याचा मुलगाही होता, खाकी कपडे घालून, तयारीने. सरपंचांनी सांगितलं, आज खरी दवंडी आहे, नुसती परीक्षा नाही. देवराव आतल्या खोलीत माइकपाशी बसले. बाई आत गेल्या नाहीत. “त्यांना माझी गरज नाही,” म्हणाल्या आणि बाहेर कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. मला दिसलं की त्या स्वतः हवा गिळत होत्या.

भोंगा खरखरला. मग शांतता झाली. लांबत गेली. अनसूयाबाईंनी पदर तोंडात धरला होता, पण त्या बोलल्या नाहीत. भोंगा आल्यापासून गावाने दवंडीकडे लक्ष देणं सोडलं होतं. त्या सकाळी मात्र चुलीपुढच्या बायका ओट्यावर आल्या, विहिरीवरचा रहाट थांबला, पारावरचे म्हातारे कानाला हात लावून वळले. सबंध गाव एका माणसाच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होतं आणि कोणीही तो त्याच्याऐवजी म्हणत नव्हतं.

“पंचायतीकडून,” भोंगा म्हणाला. जाड, फुटका, खोल आवाज. “कळवतो.” हवा. “उद्या... नळाले... पानी... येनार नाई.”

पलीकडच्या ओट्यावरून एक बाई ओरडली, “काऊन येनार नाई?”

सरपंचांनी बाईंकडे पाहिलं. साळ्याच्या मुलाने खाकी टोपी काढली. गावाला समजलं होतं.

त्यानंतर आठवडाभर नळाला पाणी आलं नाही, आणि रोज ते देवरावांनीच कळवलं.